सात वर्षांची खाज आणि ताटातली पोळी

कोरडवाहू

त्वचा आणि आहार हा विषय निघाला की बोलणं मुरुम, तेलकट खाणं आणि ‘पोट साफ नसेल तर चेहऱ्यावर दिसतंच’ इथवर येऊन थांबतं. मला एका वेगळ्या आजाराबद्दल लिहायचंय. तो सात वर्षं माझ्या अंगावर होता आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. इथे कोणीतरी अजून त्याच चक्रात असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

वय ३९. माहेर बार्शी, सासर पुणे. मुलगा सात-आठ महिन्यांचा असताना दोन्ही कोपरांवर बारीक फोड यायला लागले. आधी त्या जागी आग व्हायची, मग जीवघेणी खाज, मग फोड. फोड नीट दिसायच्या आत मी तो खाजवून फोडलेला असायचा, त्यामुळे डॉक्टरांसमोर हात पुढे केला की नुसते ओरखडे आणि खपल्या. पुढे गुडघे, मग माकडहाडाच्या खाली, मग डोक्यात मानेच्या वर. डाव्या बाजूला आलं की उजव्या बाजूला नेमकं त्याच जागी यायचं. हे जोडीनं येणं महत्त्वाचं असतं हे मला फार उशिरा कळलं.

घरात सगळ्यांनी आधी उष्णता म्हटलं. सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, सगळं झालं. मग एका दवाखान्यात खरूज सांगितली. घरातल्या पाचही जणांनी रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम लावलं, चादरी उकळल्या, गाद्या उन्हात टाकल्या. माझ्याशिवाय कोणालाच काही नव्हतं, तरी हे सगळं दोनदा झालं. नणंदेची लेक लहान होती, तिला माझ्याजवळ झोपू देईनात. त्यांचं चुकलं असं नाही म्हणणार, पण ते मला आजही लागतं.

नंतर इसब. स्टिरॉइडची मलमं लावली की थोडं दबायचं, सोडली की दुप्पट यायचं. एकदा कातडीचा तुकडा तपासायला दिला, तर रिपोर्टातही इसबच आलं.

याच सात वर्षांत माझं हिमोग्लोबिन ८ च्या वर गेलं नाही. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, लोखंडी कढईत भाजी, काही म्हणून उपाय सोडला नाही. पाळीमुळे असेल म्हणून तो विषय वेगळ्या डॉक्टरकडे, खाज वेगळ्या डॉक्टरकडे. दोन्ही फायली घरात एकाच कपाटात होत्या, पण एकत्र कोणी उघडल्या नाहीत.

सातव्या वर्षी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी कोपर बघून पहिला प्रश्न विचारला, “रक्त किती आहे तुमचं?” मी ८ म्हटल्यावर त्या खुर्चीतून उठल्या आणि गुडघे, पाठ, डोकं सगळं नीट बघितलं. या वेळी त्यांनी दोन तुकडे घेतले. एक ताज्या फोडाचा आणि दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. मी म्हटलं, चांगल्या जागेचा कशाला? म्हणाल्या, “खरं उत्तर तिथेच सापडतं.” रक्ताचीही तपासणी केली. निदान झालं डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पीस असल्यासारखं वाटतं, पण त्या विषाणूशी याचा काही संबंध नाही. फोड तसे झुपक्यानं येतात म्हणून हे नाव. मुळात हा सिलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला होणारी इजा. माझ्या बाबतीत ती पोटाऐवजी कातडीवर बोलत होती. आणि रक्त न वाढण्याचं कारणही तेच, कारण लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा भागच झिजलेला होता.

बाईंनी डॅप्सोन लिहून दिलं. औषधाच्या दुकानातल्या मुलानं चिठ्ठी बघून हळू आवाजात विचारलं, “कुष्ठरोगाची गोळी आहे, कोणासाठी?” मी घरी येऊन रडले. पण तिसऱ्या रात्री मी सलग सहा तास झोपले. सात वर्षांत पहिल्यांदा.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिच्यामुळे माझी दिशाभूल झाली. मी दरवर्षी नवरात्राचे नऊ दिवस उपास करते. राजगिरा, वरई, साबुदाणा, शिंगाडा, गहू अजिबात नाही. त्या नऊ दिवसांत खाजेला उतार पडायचा नाही, म्हणून मीच ठरवून टाकलं होतं की खाण्याचा आणि याचा संबंध नाही. बाई म्हणाल्या, नऊ दिवस नाही, नऊ महिने लागतील.

आता दोन वर्षं झाली. हिमोग्लोबिन ११.८. डॅप्सोन दहा महिन्यांपूर्वी बंद झालं. पण मधे पाचव्या महिन्यात मी चोख पथ्य पाळत असताना फोड परत आले होते. पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्किट नाही, तरी आले. त्या आठवड्यात खाल्लेलं सगळं लिहून काढलं तेव्हा साधं वरण-भातच होता. शेवटी डबी उलटी करून वाचली. हिंगात गव्हाचं पीठ. आपण जो हिंग वापरतो तो बहुतेक वेळा बांधणीचा असतो, शुद्ध हिंग त्यात थोडा, बाकी डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. मी रोज वरणातून गहू खात होते.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार आहे का? स्वयंपाकघर कसं सांभाळता?

ओपीडी७

ताई, फार चांगलं लिहिलंत. मी त्वचारोगांचाच डॉक्टर आहे. थोडी भर घालतो.

या आजाराचं वर्णन फिलाडेल्फियाच्या लुई डुरिंग यांनी १८८४ साली केलं. पण आतड्याशी त्याचा संबंध आहे हे कळायला १९६६ उजाडलं. मधली ऐंशी-ब्याऐंशी वर्षं जगभरचे डॉक्टर याला फक्त कातडीचा रोग समजत होते. गव्हाचा धागाही तसाच उशिरा सापडला. विलेम डिके हे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, तेव्हा सिलिॲकची आजारी मुलं सुधारलेली त्यांनी पाहिली आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. संशय त्यांना आधीपासून होता, १९५० साली त्यांनी प्रबंधात तो मांडला.

कातडीवर का येतं ते सोप्या शब्दांत सांगतो. ग्लूटेनचे तुकडे आतड्याच्या अस्तरात पोचतात, तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर असतं. ज्यांच्या अंगात तशी जनुकं आहेत त्यांचं शरीर या विकराविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. त्याच विकराचं एक भावंड त्वचेत असतं. काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्धही आयजीए प्रकारची प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वरच्या थराच्या लगेच खाली कणाकणानं साठतात. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि फोड येतो. शेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा घेतात तो हे साठलेलं आयजीए बघण्यासाठी. फोडावर सूज आणि पेशींची इतकी गर्दी असते की ते नीट दिसत नाही. शिवाय हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर तपासणी वाया जाते, तो वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो. तुमची पहिली बायोप्सी ‘इसब’ आली यात मला नवल वाटत नाही.

साठलेलं आयजीए गहू सोडल्यावरही वर्षानुवर्षं तिथे राहू शकतं. म्हणून नवरात्रात फरक पडला नाही.

डॅप्सोनबद्दल: ते कुष्ठरोगात वापरतात हे खरं, पण इथे त्याचा उपयोग वेगळ्या कारणानं होतो, ते त्या पांढऱ्या पेशींना आवरतं. गोळी सुरू करण्याआधी जी६पीडी ही तपासणी झालीच पाहिजे. ज्यांच्यात हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटतात. नंतरही रक्त वेळोवेळी तपासावं लागतं. आणि डॅप्सोननं खाज थांबते, आतडं बरं होत नाही. ते फक्त पथ्यानं होतं.

आता सगळ्यांसाठी एक कळकळीची विनंती. हा धागा वाचून उद्यापासून गहू बंद करू नका. आधी रक्ताची तपासणी करा, टीटीजी आयजीए (म्हणजे वर सांगितलेल्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची प्रतिपिंडं) आणि जोडीला एकूण आयजीए. गहू सोडल्यावर ही प्रतिपिंडं उतरतात आणि मग आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. आणि खाजेची बहुतेक कारणं वेगळी असतात. खरूज खरोखरच खूप आहे, गजकर्ण त्याहून जास्त.

चिंचबन

डॉक्टर, आम्ही हीच चूक केली. मुलगी १७ वर्षांची, चेहऱ्यावर खूप मुरुम. कोणीतरी सांगितलं म्हणून चार महिने गहू आणि दूध पूर्ण बंद. मुरुम थोडे कमी झाले, पण वजन घटलं आणि सारखी दमते. आता सिलिॲक असेल का हे कसं कळणार? एका ठिकाणी दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करून मिळते, कोणता पदार्थ सोसत नाही ते कळतं म्हणे. ती करावी का?

ओपीडी७

ती दोनशे पदार्थांची तपासणी करू नका. त्यात आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. एखाद्या पदार्थाचं आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लाय, इतकंच. त्या यादीवरून वाढीच्या वयातल्या मुलीचं जेवण कापणं धोक्याचं आहे.

सिलिॲकची शंका असेल तर तिला परत रोज दोन पोळ्या खायला द्या, साधारण सहा ते आठ आठवडे, आणि मग टीटीजी करा. पण हे तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरा मार्ग जनुकांच्या तपासणीचा. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येतं, आणि त्यासाठी गहू खावा लागत नाही. मात्र ती असली म्हणजे आजार आहे असं नाही. निरोगी लोकांतही ती भरपूर आढळतात.

मुरुमांचं सांगतो. त्यांचा ग्लूटेनशी संबंध असल्याचा पुरावा नाही. लवकर साखर होणाऱ्या खाण्याशी आहे. मैदा, साखर, गोड पेयं यांनी इन्सुलिन चढतं, त्यापाठोपाठ आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. ऑस्ट्रेलियात २००७ साली ४३ तरुण मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला होता. साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम जास्त कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं, त्यामुळे नेमकं कशानं फरक पडला हे पुरतं वेगळं काढता आलं नाही. पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावर १२०० लोक तपासले, एकालाही मुरुम नव्हते. तिथलं खाणं कंदमुळं, फळं, नारळ, मासे. तुमच्या मुलीचे मुरुम कमी झाले ते बहुधा गहू गेल्यामुळे नाही, त्याबरोबर बिस्किटं, पाव, केक गेल्यामुळे. दुधाचा संबंध त्यामानानं कच्चा आहे. व्यायामशाळेत जाणारी मुलं मात्र व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर पाठभर मुरुम घेऊन येतात, हे मी नेहमी बघतो.

चिंचबन

धन्यवाद. आज रात्रीच पोळी वाढते तिला. आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ घेते.

आमसूल

आमच्या लहानपणी अंगावर पित्त उठलं की आजी आमसुलं पाण्यात भिजत घालायची, ते पाणी अंगाला लावायची आणि साखर घालून प्यायलाही द्यायची. तासाभरात गांधी बसायच्या. हे पित्त पोटातल्या पित्ताचंच असतं ना? माझ्या यजमानांना गेले तीन महिने रोज संध्याकाळी उठतं. आंबट, वांगं, शेंगदाणे, अंडी सगळं बंद केलंय.

ओपीडी७

काकू, एकच शब्द असला तरी ती दोन वेगळी पित्तं आहेत. अंगावर उठणाऱ्या गांधी म्हणजे कातडीतल्या मास्ट पेशींनी सोडलेलं हिस्टामिन नावाचं रसायन. त्याचा जळजळीशी, आम्लाशी संबंध नाही. एकेक गांध स्वभावतःच काही तासांत विरते, म्हणून आजींचं आमसुलाचं पाणी नेहमी यशस्वी व्हायचं. गार पाण्यानं खाज शमते, तेवढं खरं आहे आणि लावायला हरकत नाही.

सहा आठवड्यांच्या वर रोज पित्त उठत असेल तर ते बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे असतं, एखाद्या पदार्थामुळे क्वचितच. पदार्थाची ॲलर्जी असली तर ती खाल्ल्यावर काही मिनिटांत ते फार तर दोन तासांत दिसते, रोज ठरावीक संध्याकाळी नाही. यजमानांना अंडी आणि दाणे परत देऊन बघा, आणि रोज घ्यायची गुंगी न आणणारी ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित सुरू करा. खाज सुटली की तेवढ्यापुरती घेण्यात उपयोग नाही. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र थेट रुग्णालय.

किनारा

पित्तावरून आठवलं. आम्ही मालवणचे. माझ्या भावाला बांगडा सोसत नाही असं घरात दहा वर्षं ठरलेलं. मुंबईत मित्राकडे खाल्ला आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, अंगभर गांधी, डोकं ठणकायला लागलं. तेव्हापासून त्यानं बांगडा सोडला. पण बरोबर जेवलेल्या आणखी दोघांनाही त्या रात्री तसंच झालं होतं, ही गोष्ट कोणी लक्षात घेतली नाही. मग एका डॉक्टरनं समजावलं की बांगडा, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फावर नीट ठेवला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग मासा कितीही शिजवा, तळा, ते जात नाही. म्हणजे ॲलर्जी माशाची नव्हतीच, तो मासा खराब झालेला होता. डॉक्टरांच्या समोर त्यानं गेल्या वर्षी ताजा बांगडा खाऊन बघितला. काही झालं नाही. दहा वर्षं बांगड्याशिवाय काढली बिचाऱ्यानं, त्याची आईला फार हळहळ वाटली.

दळणकाम

कोरडवाहू ताई, माझी नाशिकला पिठाची गिरणी आहे, वडिलांपासून. तुमच्या हिंगाचं वाचून मला झोप लागली नाही, कारण आमच्याकडे ज्वारी दळून नेणारे असे किती असतील कोण जाणे.

आमच्या धंद्यात एक जातं गव्हाला आणि एक ज्वारी-बाजरी-तांदळाला असं ठेवतो आम्ही, पण सगळ्यांना ते परवडत नाही. एकाच जात्यावर गहू काढून लगेच ज्वारी टाकली तर पहिलं किलो-दीड किलो पीठ मिश्रच येतं. बायका विचारतात, “आधी कोणाचं दळलंय?” ते चवीसाठी आणि भाकरी नीट थापली जावी म्हणून. कोणी सांगतं, जात्याला टाकी लावली, म्हणजे दगड टाचून घेतला, की पहिला मान आमच्या ज्वारीचा. टाकी लावल्यावर दगड स्वच्छ असतो हे खरं, पण चाडीत, पिशवीच्या तोंडाशी, छतावरच्या कोळिष्टकात सगळीकडे गव्हाचं पीठ असतं. हवेतच असतं. तुमच्यासारख्या माणसाला मी माझ्या गिरणीतलं वेगळ्या जात्याचं पीठसुद्धा छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात कधीही गहू टाकू नका.

कोरडवाहू

दादा, तुम्ही हे इतकं मोकळेपणानं लिहिलंत, फार बरं वाटलं. घरघंटी सहाव्या महिन्यातच घेतली. आता ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं घरीच. आठवड्याला लागेल तेवढंच दळते, पिठाची विरी जात नाही आणि भाकरी चिरत नाही.

फसवणारे पदार्थ मी लिहून फ्रीजवर लावलेत, इथेही देते. थालीपिठाची भाजणी, तिच्यात गहू असतोच. सातूचं पीठ. कुरडया, त्या तर गव्हाच्या चिकाच्याच. शेवया, दलिया, रवा. काही सोया सॉस. जवाच्या माल्टची दुधात घालायची पावडर. आणि खपली! सांगली-साताऱ्याकडच्या नातेवाइकांनी मला प्रेमानं खपली गहू पाठवला, “हा जुना गहू, हा सोसतो” म्हणून. खपली गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे. साखर हळू वाढते म्हणून मधुमेहींना बरा पडत असेल, पण मला तो विषच.

पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. तेवढं बघूनच घेते.

सगळ्यात अवघड सत्यनारायणाचा प्रसाद. रव्याचा शिरा हातावर ठेवला की नाही कसं म्हणायचं? आता कपाळाला लावते आणि शेजारच्याच्या हातावर देते. पहिल्या वेळी लोक बघत राहिले. आता घरातलेच पुढे होऊन सांगतात.

उत्तरवारा

मी फिनलंडमध्ये राहते, टाम्परेला. हा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण ताईंची सात वर्षं इथे कदाचित सात महिन्यांत संपली असती. जगात ताईंच्या या कातडीच्या आजाराचं सर्वांत जास्त प्रमाण इथेच नोंदलं गेलंय, दर लाखात सुमारे ७५. टाम्परेच्या विद्यापीठात सिलिॲकवर कित्येक वर्षं काम चालू आहे. त्यामुळे साधा कुटुंब-डॉक्टरही कोपरांवर खाज म्हटलं की ही शक्यता मनात धरतो. हॉटेलच्या मेनूवर पदार्थापुढे ‘जी’ हे अक्षर छापलेलं असतं, म्हणजे ग्लूटेन नाही. शाळेतही अशा मुलाला वेगळं जेवण मिळतं आणि कोणी वळून बघत नाही.

आपल्याकडे सिलिॲक म्हटलं की पंजाब-हरियाणाच्या गहू खाणाऱ्या लोकांचा रोग असं डॉक्टरही धरून चालतात. पण आज पुण्या-मुंबईत किती घरांत रोज भाकरी होते?

दख्खनी

भाकरीचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमचं गाव लातूरकडे, आजोबा सांगायचे की पूर्वी नुसती ज्वारी खाणाऱ्या मजुरांच्या हातापायांची कातडी काळी पडून फाटायची. पुढे मी वाचलं की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांनी यावर काम केलं होतं, पेलाग्रा म्हणून. मग गहू सोडून रोज ज्वारी खाल्ली तर हा धोका नाही का?

ओपीडी७

दख्खनी, प्रश्न महत्त्वाचा आहे. पेलाग्रा म्हणजे नायसिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाची कमतरता. उघड्या अंगावर, हातापायांवर आणि गळ्याभोवती उन्हानं भाजल्यासारखी काळी, फाटकी कातडी, जोडीला जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रंश. गळ्याभोवतीच्या पट्ट्याला कसालचा हार म्हणतात, स्पेनच्या गास्पर कसाल यांनी अठराव्या शतकात त्याचं वर्णन केलं. युरोप-अमेरिकेत हा मका खाणाऱ्यांचा रोग. दख्खनमध्ये मात्र तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला, आणि कोडं असं की ज्वारीत नायसिन तसं कमी नसतं. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायसिनच्या कामात अडथळा आणतं. हा सिद्धांत पुढच्या सगळ्या संशोधकांनी तसाच्या तसा मान्य केला नाही, पण आजार खरा होता. मूळ कारण गरिबी. ज्वारीबरोबर तोंडी लावायला मिरची-मिठापलीकडे काही नसायचं. भाकरीबरोबर डाळ, दाणे, दूध, अंडं, भाजी यातलं काही रोज पोटात जात असेल तर काळजी करू नका. हल्ली पेलाग्रा दिसतो तो दारूचं व्यसन असलेल्यांत किंवा क्षयाच्या आयसोनियाझिड गोळीमुळे.

नदीकाठ

माझं छोटंसं. शाकाहारी, वय ५२, मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोज सकाळी एक गोळी. दोन वर्षांपासून बोटांच्या पेरांवरची कातडी काळी पडत होती. मी लिंबू, बेसन, साय, सगळं चोळलं. भांडी घासून झालं असेल असंही वाटायचं. पाय बधिर व्हायला लागले तेव्हा बी१२ तपासलं, अगदी तळाला होतं. इंजेक्शनं घेतल्यावर तीन-चार महिन्यांत पेरं आपोआप उजळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं आपल्या लोकांत बी१२ किती सर्रास कमी असतं यावर मोठं काम केलंय, ते मला नंतर कळलं. मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, दोन्हींमुळे बी१२ आतड्यातून कमी शोषलं जातं. पेरं काळी पडत असतील तर चोळत बसू नका, तपासा.

कोरडवाहू

एक बातमी सांगायची होती. डॉक्टरांनी मला निदानाच्या वेळीच सांगितलं होतं की आईवडील, भावंडं, मुलं यांची तपासणी करा. आई आणि माझा मुलगा तेव्हाच करून झाले, दोघांचं ठीक आलं. बहीण टाळत होती. या धाग्याचं मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिनं स्वतःची आणि तिच्या ११ वर्षांच्या मुलाची तपासणी केली. तिचं ठीक, त्याचं टीटीजी खूप वाढलेलं. त्याच्या अंगावर एक फोड नाही. फक्त उंची वर्गात सगळ्यांत कमी, आणि आम्ही म्हणायचो बापावर गेलाय. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा घेणार आहेत. तोवर त्याला पोळी चालू ठेवायला सांगितलंय.

त्यानं मला फोन करून एकच विचारलं, “मावशी, होळीला मग पुरणपोळी नाही का गं?” मी हो म्हटलं, मिळेल. आता कोणीतरी मला सांगा कशी करू. तांदळाच्या पिठाची दोनदा करून बघितली, लाटताना फाटते.

आमसूल

यजमानांची गोळी सुरू झाली, दाणेही खातात आता, आधी ते सांगते. डॉक्टर, आभार.

कोरडवाहू, अगं मोदकाची करतो तशी उकड कर. बारीक तांदळाची पिठी घे, जितकी पिठी तितकंच पाणी, आधणात मीठ आणि चमचाभर तूप. पिठी घालून झाकण ठेव, दोन वाफा आण आणि गरम असतानाच तेलपाण्याच्या हातानं चांगली मळ. हात भाजले तरी थांबू नकोस, मळण्यावरच सगळं आहे. पुरण जरा घट्ट ठेव. पारी करून भर आणि केळीच्या पानावर तूप लावून हातानं थाप, लाटू नकोस. पान तव्यावर उलटं टाकायचं, खालची बाजू भाजली की पान आपोआप सुटतं. गव्हाच्या पोळीइतकी पातळ होणार नाही, हातभर मोठीही करू नकोस, तळहाताएवढी पुरे. पहिली मोडली तर दुधात कुस्करून त्यालाच दे.

पोळपाट-लाटणं लागलंच तर नवं घे, जुन्या लाकडात वर्षानुवर्षांचं पीठ बसलेलं असतं. आणि कटाच्या आमटीत हिंग घालू नकोस. जिरं, कढीपत्ता, थोडं खोबरं आणि गूळ-चिंच, तेवढ्यावर ती छान होते.